दप्तर जवळ, दुभाषी दूर : सर्व्हरच्या डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचा इतिहास

#इतिहास #धागा

१/
सर्व्हरच्या पेटीत चार डिस्क बसवलेल्या आहेत. वीज सुरळीत आहे, डिस्कचे दिवे लुकलुकत आहेत. तरीही सर्व्हरवर कार्यप्रणाली चढवू लागताच पडद्यावर उत्तर येते की या संगणकात हार्ड डिस्कच आढळली नाही. १९९० आणि २००० च्या दशकांत जगभरच्या असंख्य संगणक-खोल्यांनी हे उत्तर वाचले आहे. डिस्क कोठेही गेलेली नसे. तिच्याशी बोलणारा दुभाषी तेवढा जागेवर नसे. त्या दुभाष्याचे नाव स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर.

२/
हा धागा त्या दुभाष्याचा आहे. विषय यंत्राचा खरा, पण त्याची झळ माणसांना लागते; कारण गेल्या साडेतीन दशकांत महाराष्ट्रातील जमिनीचे हक्क तलाठ्याच्या दप्तरातून डिस्कवर गेले. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली, तेव्हा तेथील शेतजमिनीची डिजिटल नोंद गावापासून दूर एका सर्व्हरवर होती. नोंद टिकली का, हा एक प्रश्न. टिकलेली नोंद उघडता येते का, हा दुसरा. इतिहासात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच जुना आहे.

३/
ज्या महाड तालुक्यात तळीये आहे, त्याच तालुक्यात रायगड उभा आहे. स्वराज्याच्या कारभारात फारसी शब्दांचा भरणा होता. त्यांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झाला. रघुनाथ पंडितांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. या कोशाचे महत्त्व भाषाभिमानापुरते नाही. एका परिभाषेत लिहिलेला व्यवहार दुसऱ्या परिभाषेत चालवायचा, तर दोहोंमध्ये एक अधिकृत तक्ता लागतो, ही जाण त्यामागे दिसते.

४/
दुसरे उदाहरण पुण्याचे. पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातून मोडी ओसरली. कागद शाबूत राहिले, शाईही टिकली. मात्र ते वाचणारे विरळ झाले. आजही त्या रुमालांतील बराच मजकूर जाणकार वाचकाची वाट पाहत पडून आहे.

५/
दप्तराच्या कारभारात तीन पक्ष असतात : साठा, साठ्याचा रखवालदार आणि मागणी करणारा. मागणी करणाऱ्याने रुमालांत हात घालायचा नसतो. त्याने दफ्तरदाराला विचारायचे आणि दफ्तरदाराने कागद काढून द्यायचा. संगणकातही हीच वाटणी आहे. डिस्क हा साठा, कंट्रोलर हा रखवालदार आणि कार्यप्रणाली ही मागणी करणारी. रखवालदाराची बोली जाणणारा जो दुभाषी कार्यप्रणालीच्या पदरी असतो, तो ड्रायव्हर.

६/
डिस्कचा इतिहास १९५६ पासून मोजतात. त्या वर्षी आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचा संगणक जाहीर केला. त्याच्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. यंत्राचे वजन टनाच्या घरात होते. तोवर माहिती चुंबकीय फितीवर किंवा छिद्रांच्या कार्डांवर असे आणि ती ओळीने वाचत जावी लागे. तबकडीमुळे हवी ती नोंद थेट गाठता येऊ लागली.

७/
७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यात मुख्य संगणक आणि डिस्क यांच्या मध्ये स्वतंत्र नियंत्रक ठेवलेला होता. तबकडी किती फिरली, वाचक-शीर्ष कोठे न्यायचे, वाचलेले बरोबर आहे की नाही, ही सारी उठाठेव नियंत्रकाकडे गेली. संगणकाने फक्त मागणी नोंदवायची. रखवालदाराचे पद येथे ठळकपणे वेगळे झाले आणि त्याबरोबर त्याची भाषा जाणणाऱ्या आज्ञावलीची गरजही पक्की झाली.

८/
मोठ्या संगणकांच्या जगात ही अडचण जाणवत नसे, कारण संगणक, नियंत्रक, डिस्क आणि कार्यप्रणाली बहुधा एकाच कंपनीची असत. सारे एका घरचे, एका बोलीचे. निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग एकाच पेटीत बसू लागले तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली.

९/
१९८० च्या सुमारास शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीने डिस्क जोडण्याची एक सामायिक पद्धत पुढे आणली. तिच्यातून ‘स्कझी’ ही पद्धत घडली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. आता कोणत्याही कंपनीची स्कझी डिस्क कोणत्याही स्कझी कार्डाला जोडता येऊ लागली. मूळ रचनेत एका तारेवर ८ उपकरणे बसत. त्यांतील एक जागा कार्डाची स्वतःची. सर्व्हर बनवणाऱ्यांनी ही पद्धत उचलून धरली.

१०/
मात्र पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ याच मानकात राहून गेले. मानकाने डिस्क आणि कार्ड यांच्यातील भाषा ठरवली. कार्ड आणि संगणक यांच्यातील भाषा ठरवली नाही. ती प्रत्येक कार्ड बनवणाऱ्याने आपापल्या सोयीने ठरवली. परिणामी तारेच्या एका टोकाला एकवाक्यता आणि दुसऱ्या टोकाला बारा गावच्या बारा बोली, असे चित्र उभे राहिले. घरगुती संगणकांतील स्वस्त डिस्क-जोडणीत हा प्रश्न सौम्य होता, कारण तेथे सगळे एकाच जुन्या नमुन्याची नक्कल करत.

११/
१९८८ मध्ये या गुंत्यात आणखी भर पडली. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क एकत्र जोडाव्यात आणि माहितीसोबत थोडी जादा नोंद ठेवावी. म्हणजे एक डिस्क बिघडली तरी उरलेल्यांवरून हरवलेला भाग पुन्हा काढता येतो, हे त्याचे सार. या रचनेला ‘रेड’ म्हणतात.

१२/
रेडचे गणित साध्या उदाहरणाने कळते. दोन डिस्कवर ७ आणि ५ हे आकडे ठेवले आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ ठेवली, तर कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोहोंवरून गेलेला आकडा सापडतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी द्विमान पद्धतीची क्रिया वापरतात, तत्त्व तेच. हा हिशेब करणारे खास कंट्रोलर बाजारात आले. चार डिस्क जोडून ते कार्यप्रणालीला एकच मोठी डिस्क दाखवत. त्या चार डिस्कवर काय कोठे लिहिले आहे, हे मात्र त्या कार्डालाच ठाऊक असे.

१३/
यातला धोका उघड आहे. कार्ड जळाले आणि त्या जातीचे दुसरे मिळाले नाही, तर चारही डिस्क सुस्थितीत असूनही त्यांवरचा मजकूर जुळवणे महाकठीण होते. डिस्कच्या बिघाडापासून वाचण्यासाठी केलेली योजना रखवालदारावर पूर्णपणे विसंबून राहिली. मोडीच्या रुमालांत जे शंभर वर्षांत घडले, ते येथे एका दुपारी घडू शकत होते.

१४/
२७ जुलै १९९३ रोजी मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ही कार्यप्रणाली बाजारात आली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून १९८८ मध्ये आलेले डेव्हिड कटलर तिच्या रचनेचे प्रमुख होते. बारा बोलींचा प्रश्न त्यांच्या चमूने कामाची वाटणी करून हाताळला. सर्व कार्डांना समान असलेले काम एका सामायिक ड्रायव्हरमध्ये ठेवले आणि एकेका कार्डाच्या खास बोलीपुरता छोटा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीने लिहावा असे ठरवले. मोठ्याला ‘पोर्ट’, धाकट्याला ‘मिनिपोर्ट’ म्हणत.

१५/
कार्यप्रणालीच्या सीडीवर त्या काळी प्रचलित असलेल्या कार्डांचे मिनिपोर्ट ड्रायव्हर दिलेले असत. पण सीडी एकदा छापली की तिचे ज्ञान तेथेच थांबे. विंडोज २००० ची सीडी २००० च्या आरंभीची. २००३ मध्ये विकत घेतलेल्या सर्व्हरचे रेड कार्ड तिला कोठून ठाऊक असणार? संगणकाला डिस्क दिसण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर कायमचा ठेवण्यासाठी डिस्क हवी. पेटीची किल्ली पेटीतच राहिल्यासारखी ही स्थिती होती.

१६/
यावर काढलेला तोडगा म्हणजे फ्लॉपी. स्थापना सुरू होताच निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षणांपुरती एक ओळ उमटे : बाहेरचा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर द्यायचा असल्यास एफ-६ ही कळ दाबा. ते क्षण हुकले की सारे पहिल्यापासून. कळ वेळेवर दाबली, की पुढे ड्रायव्हरची फ्लॉपी ‘ए’ खणात घालायची, यादीतून नेमके कार्ड निवडायचे आणि फ्लॉपी आतच राहू द्यायची, कारण फायली उतरवताना ती पुन्हा वाचली जाई.

१७/
१.४४ मेगाबाइटच्या त्या चकतीवर मोजक्याच फायली असत. एक ड्रायव्हर स्वतः, एक त्याची ओळखपत्रिका, एक सही-शिक्क्याची फाइल आणि एक यादी. या यादीच्या फाइलचे नाव ठरलेले होते आणि ती चकतीवर ठरल्या जागी नसेल तर स्थापना पुढे सरकत नसे. चकतीवर धूळ, चुकीच्या आवृत्तीचा ड्रायव्हर, यादीतून शेजारच्या नावाची निवड, यांपैकी काहीही पुरे होई. मग पुन्हा चालू होताना सर्व्हर निळ्या पडद्यावर थांबे : ज्या उपकरणावरून सुरू व्हायचे, तेच पोहोचण्यापलीकडे आहे.

१८/
त्यात काळाने एक थट्टा केली. १९९८ मध्ये ॲपलच्या आयमॅकने फ्लॉपीला रजा दिली. त्यानंतरच्या काही वर्षांत इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. सर्व्हरमधून फ्लॉपीचा खण नाहीसा होऊ लागला, पण विंडोज सर्व्हर २००३ ला एफ-६ वर फ्लॉपीच हवी होती. मग लोक जोडीला यूएसबीचा फ्लॉपी-खण बाळगू लागले किंवा सीडीतच ड्रायव्हर मिसळून नवी सीडी तयार करू लागले. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. सर्व्हर २००३ चा अधिकृत आधार जुलै २०१५ पर्यंत चालू होता.

१९/
लिनक्सच्या जगात हाच पेच निराळ्या रीतीने सुटला. संगणक सुरू होताना आरंभी एक लहानशी तात्पुरती फाइल-व्यवस्था थेट स्मरणात उतरवायची, तिच्यात आवश्यक ते ड्रायव्हर ठेवायचे, त्यांच्या मदतीने खरी डिस्क उघडायची आणि मग तात्पुरती व्यवस्था गुंडाळायची. लांबच्या प्रवासाला निघालेल्याने पहिल्या मुक्कामापुरती शिदोरी हाताशी ठेवावी, तशी ही योजना. तिच्यात योग्य ड्रायव्हर नसेल, तर लिनक्सही मूळ फाइल-व्यवस्था सापडत नाही असे सांगून थबकते.

२०/
विंडोजने २००७ मधील व्हिस्टा आणि २००८ मधील सर्व्हर २००८ पासून रीत बदलली. स्थापनेच्या पडद्यावर ‘ड्रायव्हर लोड करा’ अशी कळ आली आणि ड्रायव्हर यूएसबी किंवा सीडीवरून देता येऊ लागला. दरम्यान मूळ दुखण्यावरही इलाज सुरू झाला होता. २००४ मध्ये साटा डिस्कसाठी आणि २०११ मध्ये एनव्हीएमई या वेगवान डिस्कसाठी अशी मानके आली, ज्यांनी कार्ड आणि संगणक यांच्यातील भाषाही ठरवून टाकली. १९८६ मध्ये मोकळे राहिलेले टोक बांधायला सुमारे दोन दशके लागली.

२१/
याच दोन-अडीच दशकांत महाराष्ट्राच्या जमिनीच्या नोंदी कागदावरून डिस्कवर आल्या. ब्रिटिश अमदानीत विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून मोजणीची नवी घडी बसवली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला. आजचे गाव नमुने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याच्या चौकटीत आहेत. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. मालकी बदलली की नमुना ६ मध्ये फेरफार.

२२/
जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील ८ जिल्ह्यांत प्रायोगिक रीतीने सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. आरंभी तालुक्याच्या कचेरीतील संगणकांवर असलेली माहिती पुढे राज्याच्या डेटा सेंटरमध्ये एकवटत गेली. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला. ४० हजारांहून अधिक गावांची दप्तरे आता अशा पेट्यांत होती, ज्यांचे कुलूप ड्रायव्हरने उघडते.

२३/
कागदच बरा होता, असे म्हणणाऱ्यांनी २१ जून २०१२ ची दुपार आठवावी. त्या दिवशी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. माणसे दगावली आणि फायलींचे ढीगच्या ढीग राख झाले. त्यानंतर सरकारी फायली स्कॅन करून संगणकावर चालवण्याच्या कामाला वेग आला. कागद एका जागी असतो, म्हणून त्याला एकच आग पुरते. डिस्कवरील नोंदीची प्रत दुसऱ्या शहरात ठेवता येते. तेथे तिला वाचणारी यंत्रणा मात्र तयार असावी लागते.

२४/
या यंत्रणेच्या घडणीत महाराष्ट्राचा हातही आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. डिस्कच्या साठवणीचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या व्हेरिटास कंपनीचे मोठे विकसन केंद्रही पुण्यात होते. ड्रायव्हरच्या लगतच्या वरच्या थरात अनेक डिस्कचा एक साठा करणारे आणि त्यावर फायली रचणारे हे सॉफ्टवेअर बँका आणि दूरसंचार कंपन्यांच्या सर्व्हरवर जगभर चालले. ज्या शहरात मोडीचे रुमाल आहेत, त्याच शहरात डिस्कचे आधुनिक दुभाषी घडले.

२५/
आता बहुतेक सर्व्हर प्रत्यक्ष पेटीत नसतात. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर चालतात. त्यांची डिस्कही आभासी, कंट्रोलरही आभासी. तरी दुभाषी सुटलेला नाही. २००८ च्या सुमारास लिनक्समध्ये व्हर्टिओ ही आभासी उपकरणांची सामायिक भाषा आली. तिच्या डिस्कवर विंडोज सर्व्हर चढवू लागले की आजही पडदा सांगतो : डिस्क नाही. व्हर्टिओच्या ड्रायव्हरची प्रतिमा-फाइल जोडावी लागते, तेव्हा डिस्क प्रकट होते. फ्लॉपी गेली, एफ-६ चा प्रसंग उरला.

२६/
जुना सर्व्हर आभासी यंत्रात हलवताना धोका अधिक असतो. त्याच्या पोटात जुन्या कार्डाचा ड्रायव्हर असतो, नव्या घरात कार्ड निराळे असते. स्थलांतर करण्यापूर्वीच नवा ड्रायव्हर आत पेरून ठेवला नाही, तर सर्व्हर नव्या घरात डोळेच उघडत नाही. अनुभवी मंडळी म्हणूनच आधी ड्रायव्हर बसवतात, मग यंत्र हलवतात आणि जुने यंत्र काही काळ तसेच राखून ठेवतात.

२७/
आता तळीयेकडे. जुलै २०२१ च्या त्या अतिवृष्टीत सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, रस्ते तुटले, वीज आणि संपर्कही खंडित झाले. २२ जुलैला तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही त्याच सुमारास दरडींनी बळी घेतले. हा टापू अशा आघातांना नवखा नव्हता. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील दासगाव आणि जुई ही गावे अशाच दरडींखाली सापडली होती.

२८/
घर मातीखाली गेले की घरातल्या पेटीतले कागदही जातात. वाचलेल्या माणसापुढे दुःखाबरोबर एक कोरडा प्रश्न उभा राहतो : आपण कोण, कोणाचे वारस, कोणत्या जमिनीचे खातेदार, हे दाखवायचे कशावरून? २००५ आणि २०२१ या दोन आपत्तींमध्ये येथे मोठा फरक पडला होता. मधल्या काळात सातबाऱ्याची डिजिटल सहीची प्रत दूरच्या सर्व्हरवरून काढता येऊ लागली होती. डोंगराला त्या प्रतीपर्यंत पोहोचता येत नव्हते.

२९/
या सोयीच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. सातबारा शेतजमिनीचा असतो; गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात असते. शिवाय दरडीने बांध पुसले, शेत दगडमातीने भरले, तरी डिस्कवरील नोंद आदल्या दिवशीसारखीच राहते. जमीन बदलली हे तिला कोणीतरी सांगावे लागते : पंचनामा, मोजणी, फेरफार. ड्रायव्हर डिस्कवरचे जसेच्या तसे आणून देतो. ते आजच्या भूमीशी जुळते की नाही, हे पाहणे माणसाचे काम.

३०/
आणि तो दूरचा सर्व्हर बंद असेल तर? ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द आता गावोगावच्या मराठीत रुळले आहेत. त्यांमागे कधी वीज असते, कधी जाळे, कधी गर्दी, तर कधी डिस्क आणि कार्यप्रणाली यांच्यातील तुटलेला संवाद. कचेरीच्या खिडकीसमोर उभ्या माणसाला या कारणांतला भेद दिसत नाही. त्याच्यापुरते दप्तर बंद आहे, एवढेच खरे.

३१/
नव्या पिढीला हा सारा इतिहास आटोपलेला वाटू नये. २०२० नंतरच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज नव्याने चढवताना डिस्कची यादी रिकामी दिसते. डिस्क उत्तम असते. पण इंटेलच्या नव्या नियंत्रकाने तिला आपल्या आडोशाला घेतलेले असते आणि स्थापनेच्या प्रतीत त्याचा ड्रायव्हर नसतो. तो यूएसबीवर घेऊन ‘ड्रायव्हर लोड करा’ ही कळ दाबली की डिस्क दिसते. मानक आले की बोली एक होतात; वेगाच्या किंवा सोयीच्या हव्यासापोटी त्यांवर नवा थर चढला की पुन्हा दुभाषी शोधावा लागतो.

३२/
म्हणून जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने डिस्कसोबत आणखी तीन गोष्टी जपायला हव्यात. कोणत्या कंट्रोलरने ती लिहिली याची टिपण; त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, निराळ्या साधनावर; आणि ठरावीक काळाने ती प्रत खरोखर उघडून पाहण्याचा शिरस्ता. गावच्या ग्रंथालयाची दुर्मीळ छायाचित्रे असोत की इतिहास-मंडळाने स्कॅन केलेली मोडी पत्रे, हा नियम त्यांनाही लागू आहे. न उघडलेली प्रत ही जपणूक नव्हे. ती केवळ समजूत आहे.

३३/
इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांच्या नाशाची भीती नेहमी असते : आग, पूर, वाळवी, दरड. या यादीत एक शांत शत्रूही धरायला हवा. साधन समोर असते, अक्षर न अक्षर शाबूत असते आणि ते वाचणारा कोणीही उरलेला नसतो. मोडीचे वाचक तयार करणारे वर्ग आणि जुने ड्रायव्हर जपून ठेवणारे तंत्रज्ञ हे वरवर फार दूरचे वाटतात. दोघांचे काम एकच आहे. पुढच्या शतकात आपल्या काळाचा इतिहास लिहिला जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून राहील.

(समाप्त)